"रॅम गेलीये, चेक-बिक करू नका": कॉम्प्युटर रिपेअरच्या काउंटरवर नव्याने उभं राहणाऱ्यांसाठी

शनिवारची संध्याकाळ. पुण्याच्या तपकीर गल्लीत पाय ठेवायला जागा नाही, आणि त्या गर्दीतून वाट काढत एक गृहस्थ काउंटरपाशी येतात. बॅगेतून लॅपटॉप बाहेर यायच्या आधीच निकाल जाहीर: "रॅम गेलीये. आठ जीबीची टाका. चेक-बिक करू नका, मी सगळं पाहिलंय."

आयटीआय किंवा हार्डवेअरचा कोर्स करून नुकतेच दुकानात लागलेल्यांची कानशिलं या वाक्याने तापतात. शिकलो आम्ही आणि निदान करणार हे! मी या धंद्यात अठरा वर्षं आहे आणि सुरुवातीला माझ्याकडेही याला दोनच उत्तरं होती. एक तर "हो साहेब" म्हणून गुपचूप रॅम टाकायची, नाहीतर "तसं नसतं हो" म्हणून हुज्जत घालायची. रॅम टाकली की मूळ बिघाड तसाच राहतो आणि आठवड्याने तेच गृहस्थ "तुमच्या रॅममुळेच झालं" म्हणत परत येतात. हुज्जत घातली की वाद आपण जिंकतो आणि लॅपटॉप चार दुकानं पलीकडे जातो.

तिसरा रस्ता जरा लांबचा आहे. दुकानात येणाऱ्या नव्या मुलामुलींना मी पहिल्या आठवड्यात तोच दाखवतो.

१. आधी ऐका, आणि त्यांच्याच शब्दांत लिहा

जॉबशीट, म्हणजे मशीन घेताना भरायचा कागद, पुढे ओढा आणि ते बोलतील तसं लिहायला लागा. "ग्राहकाच्या म्हणण्यानुसार: रॅम गेली आहे." आपली भर नको, दुरुस्ती नको, आणि गालातल्या गालात हसणं तर अजिबात नको. आपण बोलतोय आणि समोरचा लिहून घेतोय हे दिसलं की माणसाचा निम्मा जोर तिथेच ओसरतो. घरी, सोसायटीच्या मीटिंगला, बँकेत, कुठेही बिचाऱ्यांचं कोणी लिहून घेत नसतं.

मग निकालाच्या मागे त्यांनी प्रत्यक्ष काय पाहिलं, ते काढा. "रॅम गेली" हा निकाल झाला. "चालू व्हायला दहा मिनिटं लागतात, एक्सेल उघडलं की अडकतो, मधूनच टकटक वाजतं" हे पाहिलेलं झालं. निकाल बऱ्याचदा चुकतो, पाहिलेलं क्वचित चुकतं. जॉबशीटवर मी दोन ओळी सोडतो: वरच्या ओळीत निकाल, खालच्या ओळीत पाहिलेलं. काम करायचं ते खालच्या ओळीवर.

ती ओळ भरायला तीन प्रश्न पुरतात. शेवटचं नीट कधी चाललं होतं? चार्जर लावून आणि काढून, दोन्ही वेळा असंच होतं का? आणि तिसरा, सगळ्यात कामाचा: "तुम्ही काय काय करून पाहिलंत? म्हणजे आम्ही तेच परत करत बसणार नाही."

हा तिसरा प्रश्न याच शब्दांत विचारा. "घरी काही खोललं होतं का?" असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे: "छे, हातसुद्धा लावला नाही." तेच "काय करून पाहिलंत" म्हटलं की माणूस खुलतो. बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं, मागचं झाकण उघडून पंखा साफ केला, व्हिडिओ बघून विंडोजच्या रजिस्ट्रीत दोन बदल केले, बिजागरीला फेविक्विक लावलं, सगळं अभिमानाने सांगतो. पावसाळ्यात तर हा प्रश्न हवाच. सिंहगड रोडवरून टू-व्हीलरवर सॅक भिजवत आलेला लॅपटॉप "पाणी गेलंच नाही" म्हणून काउंटरवर येतो आणि दोन मिनिटांनी कळतं की तो तीन दिवस तांदळाच्या डब्यात होता. तांदळाने बोर्ड वाळत नाही, उलट तीन दिवस फुकट जातात आणि तेवढ्यात गंज पकडतो. एकदा पंख्याच्या जाळीतून आम्ही अख्खे दाणे काढले. आमच्याकडच्या मुलीने ते बघून सांगितलं, "इंद्रायणी आहे."

२. मशीन त्यांच्यादेखत ताब्यात घ्या

या पायरीत कंटाळा केलात तर पुढच्या सगळ्या पायऱ्या वाया. सर्वज्ञ गिऱ्हाइकाचा ठरलेला आरोप असतो, "माझी ओरिजिनल रॅम काढून लोकल टाकलीत." तो खोटा आहे हे नंतर सिद्ध करता येत नाही, आधीच करावं लागतं.

म्हणून लॅपटॉप त्यांच्यासमोर चालू करून पाहा. चालू होत नसेल तर तसं लिहा. स्क्रीनवरचे चरे, तुटलेली बिजागरी, नसलेली बटणं, चार्जर सोबत आहे की नाही, सगळं लिहा आणि मोबाइलवर चार फोटो काढा. तळाचं झाकण सहज उघडण्यासारखं असेल तर त्यांच्यादेखत उघडा, रॅमवरचं स्टिकर आणि डिस्कचा सीरियल नंबर लिहून घ्या. झाकणाचे स्क्रू मोजा. दहाच्या जागी सात निघाले तर "तीन नाहीत, बरं का" एवढंच म्हणा आणि लिहा. कोणी काढले ते विचारू नका. दोघांनाही माहीत असतं.

सही घ्या. एक प्रत त्यांना द्या. चेकिंग चार्ज किती आणि तो कधी लागेल, हेही याच वेळी सांगून कागदावर आणा.

३. माणूस कुठल्या तऱ्हेचा आहे ते बघा

सगळे एका साच्यातले नसतात, आणि प्रत्येकाशी बोलायची भाषा वेगळी.

हिंजवडी किंवा मगरपट्ट्यातून येणारा "मी स्वतः आयटीत आहे" अशी सुरुवात करतो. त्यावर "पण सॉफ्टवेअर वेगळं आणि हार्डवेअर वेगळं" हे वाक्य जिभेवर येईल. गिळा. ते त्याने दहा दुकानांत ऐकलेलं असतं. अशा माणसाला आकडे दाखवायचे. आमच्या शनिवारच्या गृहस्थांचंच घ्या, तेही याच गटातले. "बरं, रॅम टाकूच. टाकायच्या आधी एक मिनिट हे बघाल का?" म्हणून मी टास्क मॅनेजर उघडला आणि स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. मेमरी, म्हणजे रॅम, निम्मीसुद्धा भरलेली नव्हती. डिस्क मात्र सलग १०० टक्क्यांवर, आणि वाचण्या-लिहिण्याचा वेग जेमतेम एक-दोन एमबी. मग डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं. पिवळी पट्टी, आणि पेंडिंग सेक्टरच्या, म्हणजे डिस्कवरच्या धड वाचता न येणाऱ्या जागांच्या, रकान्यात शून्य असायला हवं तिथे भलताच आकडा. मी एक शब्द बोललो नाही. त्यांनी चष्मा वर केला, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हं. म्हणजे डिस्क पण गेलीये."

या "पण"वर हसायचं नाही. तो "पण" त्यांचा मान आहे, राहू द्या.

निवृत्त इंजिनिअर काका ही दुसरी तऱ्हा. कोथरूड, सदाशिव पेठ, कुठूनही येतात. यांचं ज्ञान खरं असतं, फक्त जुन्या मशीनचं असतं. यांच्यासमोर सॉफ्टवेअरची चित्रं दाखवून उपयोग नाही, मल्टिमीटर काढा. मागे एक काका डेस्कटॉप घेऊन आले. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय) लिक आहे, बदला. दुकानात लावला तर काही नाही. यावर "आमच्याकडे तर नीट चालतोय" म्हणून परत पाठवणं हा सोपा आणि चुकीचा मार्ग. मी त्यांना एसएमपीएसच्या आतला फिल्टर समजावून सांगितला. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलला कॅबिनेटशी जोडतात. अर्थिंग असेल तर ती किरकोळ गळती जमिनीत जाते. अर्थिंग नसेल तर कॅबिनेट पुरवठ्याच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगतं, २३० च्या निम्मं म्हणजे ११५ च्या आसपास. करंट अगदी थोडा, पण हाताला कळतो. "काका, घरच्या सॉकेटला फेज आणि अर्थमध्ये किती येतात ते बघता का? तुमच्याकडे मीटर असेलच." मीटर अर्थातच होता. दुसऱ्या दिवशी फोन आला, वाड्यातलं वायरिंग जुनं, अर्थची वायर कुठे जोडलेलीच नव्हती. एसएमपीएस विकला गेला नाही. पण त्यानंतर त्यांच्या वाड्यातले चार कॉम्प्युटर आमच्याकडे आले.

विद्यार्थी व्हिडिओ बघून येतात किंवा चॅटजीपीटीचं उत्तर मोबाइलवर उघडून दाखवतात. दाखवू द्या आणि खरंच वाचा. त्यात बऱ्याचदा सात-आठ शक्यता असतात आणि पोराने त्यातली सगळ्यात महागडी उचललेली असते. "यातली तिसरी आधी बघूया, ती फुकट आहे," एवढं म्हटलं की वाद संपतो. आणि ज्यांचा मुलगा अमेरिकेतून फोनवर सूचना देतो, त्यांच्या बाबतीत थेट मुलाशी बोला. आई-वडिलांमार्फत निरोप गेला की "डिस्प्ले केबल" चा "डिस्प्ले" होतो आणि अंदाजपत्रक पाचपट.

४. ते बरोबर असू शकतात

ही पायरी मला महागात शिकायला मिळाली, म्हणून थोडी सविस्तर.

एक निवृत्त शिक्षिका यायच्या. त्यांचं म्हणणं, "चार्जर लावला की बाण पळतो. काढला की गुणी बाळासारखा." बाण म्हणजे माउसचा कर्सर. त्यांनी कारणही शोधलं होतं, चार्जरमधून व्हायरस येतोय. मला हसू आवरलं नाही. "मॅडम, चार्जरमधून वीज येते, व्हायरस नाही." टचपॅडचा ड्रायव्हर असेल म्हणून मी तो बदलला. दोन दिवसांनी त्या परत आल्या. मग विंडोज मारली. पाचशे रुपये घेतले. परत आल्या. तोपर्यंत मला वाटायला लागलं होतं की बाईंचा हातच थरथरत असणार.

तिसऱ्यांदा त्या चार्जर सोबत घेऊन आल्या. आधीच्या दोन्ही वेळा मी दुकानातल्या चार्जरवर तपासलं होतं. त्यांचा लावला आणि बाण पळाला. स्वस्तातला डुप्लिकेट चार्जर, मागे दोन पिनांचा. त्याच्या गळतीचा आणि गोंगाटाचा त्रास टचपॅडला होत होता, कारण टचपॅड बोटाची अगदी बारीक विद्युत चाहूलच मोजत असतो. कारण त्यांचं चुकलं होतं, पाहिलेलं शंभर टक्के बरोबर होतं, आणि मी कारणाला हसण्याच्या नादात पाहिलेलंही फेकून दिलं होतं. पाचशे रुपये परत केले. त्या एवढंच म्हणाल्या, "अरे, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की चार्जर लावल्यावर." शाळेत उत्तर चुकल्यावर बाई जशा बघतात तशा बघत होत्या.

तेव्हापासून आमच्या जॉबशीटवर "चार्जर जमा" असा वेगळा रकाना आहे.

५. बोलायची वाक्यं

खरं निदान सांगायची वेळ आली की दोन टोकं टाळा. "तुमचं चुकलंय" म्हणू नका, आणि खोटं खोटं "हो, बरोबर" सुद्धा म्हणू नका. दुसरं जास्त घातक, कारण नंतर तेच तुमच्या गळ्यात येतं.

"तसंही असू शकतं, दोन मिनिटांत कळेल" हे माझं आवडतं वाक्य. मग ते कळू द्या, त्यांच्या डोळ्यांसमोर. रॅमचा संशय असेल तर दुकानातली चालू रॅम लावून दाखवा. "ही आमची टेस्टेड. हिच्यावरही तसंच अडकतंय." बॅटरीचा वाद असेल तर पॉवरसीएफजीची बॅटरी रिपोर्टची कमांड चालवा. मूळ क्षमता किती होती आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावर किती भरते, दोन्ही आकडे एकाच पानावर येतात. "मी रात्रभर चार्ज करतो, बॅटरी जाणं शक्यच नाही" याला तोंडाने उत्तर द्यायची गरज उरत नाही.

इंग्रजी शब्दांचा मारा करून माणसाला गप्प करण्याचा मोह होतो, मलाही व्हायचा. त्याने तो गप्प होतो, पण घरी जाऊन फोनवर शोधतो आणि दुप्पट शब्द घेऊन येतो.

एका वादासाठी कागद-पेन तयारच ठेवा. "मी एक टीबीची डिस्क घेतली, आत ९३१ जीबीच दिसतात. बाकीचे कुठे गेले?" आवाज असा की बाकीचे तुमच्या खिशात आहेत. डिस्क बनवणारे हजाराने मोजतात: एक टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं एवढे बाइट. विंडोज १०२४ ने मोजते. तो आकडा १०२४ ने तीनदा भागला की ९३१ येतात. ५०० चे ४६५ होतात, २५६ चे २३८. मोबाइलचा कॅल्क्युलेटर गिऱ्हाइकाच्याच हातात द्या आणि त्यालाच भागू द्या. स्वतः काढलेलं उत्तर माणसाला पटतं, आणि हे गणित नंतर तो ऑफिसात चार जणांना शिकवतो.

६. "मी सांगतो तेच करा"

कधी ऐकायचं आणि कधी नाही, याची माझी कसोटी सोपी आहे. त्यांच्या सांगण्याने फक्त पैसे वाया जाणार असतील तर एकदा समजावून सांगायचं आणि मग करायचं. "डिस्क खराब दिसत असूनही ग्राहकाच्या सांगण्यावरून रॅम वाढवली" असं लिहून सही. पैसे त्यांचे, हौस त्यांची. पण डेटा जाणार असेल तर सहीवरसुद्धा करायचं नाही, आधी कॉपी.

"फॉरमॅट मारा, आत काही नाहीये" हे वाक्य ऐकलंत की हात थांबवा. आत नेहमी काहीतरी असतं. डेस्कटॉपवर काही? फोटो? टॅली? आउटलुकचे मेल? मुलांचे प्रोजेक्ट? एकेक नाव घेऊन विचारा. "काही नाही, काही नाही, काही नाही" करत टॅलीपाशी आले की चेहरा बदलतो. पूर्वीच्या हार्डडिस्कवरून फॉरमॅटनंतरही बरंच परत मिळायचं. एसएसडीवर ट्रिम चालू असतं, ते पुसलेली जागा आतून खरंच रिकामी करतं, त्यामुळे पुसलेलं परत मिळण्याची आशा जवळजवळ शून्य. खरंच काही नको असेल तर "डेटा नको" हे दोन शब्द त्यांच्याच हाताने लिहून घ्या.

मरायला टेकलेल्या डिस्कवर "चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासायची कमांड) मारा" असा आग्रह धरणारे बरेच असतात. कारण बारा वर्षांपूर्वी त्याने एकदा झालं होतं. सेक्टर जात असताना तासन्‌तास चेकडिस्क चालवणं म्हणजे लंगडणाऱ्याला पर्वतीच्या पायऱ्या चढायला लावणं. आधी डेटा काढायचा, मग डिस्कचं जे व्हायचं ते होवो.

बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाचं, प्रकरण नवीन आहे आणि वाढतंय. अलीकडच्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, मालकाला पत्ताही नसतो. मग तो बायोसमध्ये हात घालतो आणि पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. "तुम्ही हॅकर लोक, काढा की!" निघत नाही. ती रिकव्हरी की बहुतेक वेळा त्यांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, तिथे लॉगिन करायला लावा. कुठेच मिळाली नाही तर डेटा गेला, हे शांतपणे आणि स्पष्ट सांगा. बायोस अपडेट करण्याआधी किंवा बोर्ड बदलण्याआधी आपणही बिटलॉकर तपासायचंच.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून जुन्या मशीनवर ११ टाकायचा हट्ट रोज येतो. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही म्हटलं की उत्तर तयार: "बायपास करता येतं, मी व्हिडिओ पाहिलाय." खरं आहे, येतं. पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि अपडेट अडकलं की ते आपल्याच दारात येणार. तेवढं सांगा.

क्रॅक विंडोजला मात्र सरळ नाही म्हणा. "सगळे टाकतात हो" म्हणतील. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब मध्ये बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. भाषण देऊ नका. "दुकानात टाकत नाही, लायसन्सचं बोला" एवढं पुरे.

७. पैसे

रॅम काढली, सोनेरी कडा खोडरबरने पुसली, परत बसवली, डिस्प्ले आला. पाच मिनिटं. "एवढ्याचे तीनशे?"

काही जुने लोक सल्ला देतात की असं काम आत न्यायचं, तासभर थांबायचं, मग बाहेर आणायचं. मला हे पटत नाही. एक तर खोटेपणा, आणि दुसरं म्हणजे असलं गिऱ्हाईक घरी जाऊन स्वतः खोडरबर लावून बघतंच. त्यापेक्षा मशीन ताब्यात घेतानाच कागदावर आलेला चेकिंग चार्ज दाखवा. आकडा आधी ठरलेला असेल तर पाच मिनिटं लागली काय आणि दोन तास लागले काय.

"ऑनलाइन हीच एसएसडी सहाशेने स्वस्त आहे" याला चिडायचं कारण नाही. "आणा की, आम्ही बसवून देऊ. बसवायचे एवढे, आणि वॉरंटीचं तुम्ही तिकडे बघायचं." निम्मे लोक वॉरंटीचं ऐकून आपलीच घेतात, निम्मे खरंच आणतात. दोन्हीत आपलं काम सुटत नाही.

"बिल नको, जीएसटी कापा" असं म्हणणारा माणूस वाद झाला की सगळ्यात आधी बिल मागतो. बिल द्याच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या पाटीवरही विसंबू नका. माल सदोष निघाला तर बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेणं भाग आहे. त्याच कायद्यात गिऱ्हाइकाची खासगी माहिती दुसऱ्याला देणंही बसतं, तेव्हा लॅपटॉपमधले फोटो चाळत बसू नका, ते मुळात अशोभनीय आहेच. कोणी "ग्राहक मंचात जातो" म्हणालं तर घाबरू नका आणि उचकवूही नका. १९१५ हा हेल्पलाइन नंबर त्यांना माहीत असतो. तुमच्याकडे सही केलेली जॉबशीट असते.

८. आवाज चढला तर

प्रेक्षक असताना वाद मिटत नाही. गल्लीत चार माणसं थांबली की माणूस त्यांच्यासाठी बोलायला लागतो. काउंटरच्या बाजूला खुर्ची ठेवा, "बसा ना, पाणी घ्या" म्हणा, आणि तुम्हीही बसा. बसलेला माणूस उभ्यापेक्षा हळू बोलतो. नवीन असाल तर दोन वाक्यांच्या पुढे ताणू नका, सीनियरला बोलवा, त्यात कमीपणा नाही. सीनियर आला की त्याने आधी जॉबशीट वाचावी, मग बोलावं. शिवीगाळ झाली तर मशीन आहे तसं परत, चार्ज माफ, नमस्कार.

आणखी एक, हे मालकांसाठी. आमच्याकडे चिप लेव्हलचं काम एक मुलगी करते, दुकानात तिच्याइतका स्थिर हात कोणाचा नाही. काउंटरवर ती असली की "टेक्निशियन कोणी आहे का?" असा प्रश्न येतो. तिने उत्तर द्यायचं नाही. मी आतून ओरडून सांगतो, "त्याच आहेत, त्यांनाच दाखवा, मला त्यातलं कळत नाही." मालकाने हे एकदा म्हटलं की पुढचं ती बघते.

९. परत देताना

मशीन त्यांच्यासमोर चालू करा. पासवर्ड त्यांनाच टाकू द्या. मूळ तक्रारीची जी ओळ खाली लिहिली होती, तीच तपासून दाखवा: एक्सेल अडकत होतं ना, मग एक्सेलच उघडा. काढलेला पार्ट पिशवीत घालून, नाव लिहून, हातात द्या. त्यांना त्याचा उपयोग नसतो, पण तो घरी ड्रॉवरमध्ये पडलेला असला की "बदललाच नाही" हा संशय उठत नाही. काय केलं ते दोन ओळींत लिहा, सही घ्या.

शनिवारचे गृहस्थ मंगळवारी आले. डेटा सगळा निघाला होता, एसएसडी टाकली होती, रॅमला हात लावला नव्हता. लॅपटॉप वीस सेकंदांत उघडला. त्यांनी एक्सेल उघडलं, बंद केलं, परत उघडलं. मागे एक आजोबा लॅपटॉप छातीशी धरून उभे होते, त्यांच्याकडे वळून म्हणाले, "मी यांना आल्या आल्या सांगितलं होतं, हार्डडिस्क गेलीये."

जॉबशीट माझ्या हातात होती, वरच्या ओळीवर "रॅम गेली आहे" असं ठळक लिहिलेलं. मी ती उलटी करून मागच्या बाजूला त्यांची सही घेतली.

ते आजोबांना म्हणाले, "दाखवा बरं तुमचा." झाकण उघडलं, दोन बटणं दाबली, मान हलवली आणि माझ्याकडे सरकवला. "याचीही हार्डडिस्कच. चेक-बिक करू नका."

मी नवीन जॉबशीट घेतली. "काका, नाव सांगा. आणि चार्जर आणलाय ना?"